धुऱ्यावरचा कुरडू कुंडीत येईल का?
वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांत बरेचसे प्रश्न रानफुलांचेच निघाले. आपल्याकडची रानफुलं कुंडीत लावता येतील का, शोभेची रोपं म्हणून विकता येतील का, कशी करायची वगैरे. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. माझ्या फार जवळचा विषय आहे हा, त्यामुळं काही उत्तरं लांबली आहेत आणि काही अगदी दोन ओळींची आहेत.

प्रश्न : ताई, माझं वावर दारव्हा तालुक्यात आहे. सोयाबीनच्या धुऱ्यावर कुरडू इतका माजते का निंदणाऱ्या बाया कटाळून जातात. पण भादव्यात तो फुलला का रस्त्यानं जाणारे लोकं गाडी थांबवून फोटो काढतात. नाल्याच्या काठानं तेरडाही मस्त फुलते. माह्या मनात येते का हाच कुरडू कुंडीत लावून यवतमाळले नेला तर कोणी घेईन का? का लोकं म्हणतीन का हा तण विकून राह्यला? (एक कास्तकार, दारव्हा)

उत्तर : भाऊ, कोणी तसं म्हटलंच तर त्याला विचारा की तुझ्या अंगणात कोंबडा लावलाय का. कोंबड्याचं फूल म्हणजे कुरडूचंच लागवडीतलं रूप, वनस्पतीशास्त्रात दोघांची जात एकच धरतात. कोण्या काळी कोणाला तरी कुरडूत एखादं वेगळ्या तुऱ्याचं झाड दिसलं, त्यानं त्याचं बी जपलं, पुढच्यांनी त्यातलं अजून चांगलं जपलं आणि असं होत होत कोंबडा झाला. नर्सरीत जे लाल-पिवळ्या पिसासारखं सिलोशिया मिळतं तेही ह्याच घरातलं. आपण दसऱ्याला ज्याचे हार करतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा, झिनिया तिथलाच, पॉलिहाऊसमधला जरबेरा दक्षिण आफ्रिकेच्या रानातला. तेरड्याचंच बघा, त्याचा एक भाऊबंद न्यू गिनी बेटावर रानात होता, १९७० साली अमेरिकेच्या शेती खात्यानं आणि लाँगवूड गार्डन्सनं मिळून तिकडं माणसं पाठवली, झाडं आणली, त्यांचे संकर केले आणि आज तो जगभर कुंड्यांत विकला जातो. आपला तेरडा तर नाल्याच्या काठावर उभाच आहे, त्यासाठी कुठं जायची गरज नाही.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पहिल्याच वर्षी नाराज व्हाल. धुऱ्यावर कुरडू छान दिसतो कारण तिथं शेकडो झाडं एकत्र उभी असतात. त्यातलं एकच झाड उचलून कुंडीत लावलं तर एक उंच काडी आणि वर एक तुरा एवढंच दिसतं, त्याला कोण पैसे देणार. कुंडीतल्या झाडाकडून गिऱ्हाईकाला वेगळं काहीतरी हवं असतं. झाडाची उंची कुंडीच्या दीड-दोन पटीपेक्षा जास्त नको, बुडापासून फांद्या फुटलेल्या हव्यात, एका वेळी पाच-सहा तुरे तरी हवेत, फूल आठ-पंधरा दिवस टिकायला हवं आणि एसटीच्या टपावर नाहीतर ऑटोत हेलकावे खाऊन मोडायला नको. तेरड्याचं खोड रसाळ असतं, तो ह्या शेवटच्या परीक्षेत पटकन नापास होतो. कुरडू दणकट आहे, म्हणून सुरुवात कुरडूपासूनच करा असं मी म्हणेन.

हे सगळे गुण तुमच्या धुऱ्यावर आत्ताही आहेत, फक्त विखुरलेले आहेत. कोणतं झाड बुटकं आहे, कोणाला फांद्या जास्त, कोणाचा रंग गडद गुलाबी तर कोणाचा चांदीसारखा पांढरा. आपले आजे ज्वारीची कणसं निवडून बियाण्याला बाजूला ठेवायचे ना, अगदी तसंच करायचं. भादव्यात एक चक्कर मारा, आवडलेल्या झाडाला रंगीत दोरा बांधा, बी पिकलं की प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर लिहा की हे का निवडलं. एकत्र मिसळलं की निवड संपली. पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक पाकिटाची वेगळी ओळ लावा, जी ओळ पसंत नाही ती फूल उमलायच्या आधीच उपटून टाका म्हणजे मधमाश्या तिचे पराग चांगल्या ओळीवर नेणार नाहीत. उरलेल्यातून पुन्हा निवडा. असं पाच-सहा पिढ्या केलं की बऱ्यापैकी एकसारखी झाडं यायला लागतात. पावसाळ्याची फुलं असल्यानं वर्षाला एकच पिढी मिळते, म्हणून धीर लागतो हे आधीच सांगते.

यात एक फसगत होते, बहुतेकांची होते. धुऱ्याच्या मुरमाड तुकड्यावर उभं असलेलं झाड बुटकं दिसतं म्हणून आपण त्याचं बी घेतो आणि चांगल्या मातीत लावलं की ते पोट्टं कमरेएवढं होतं. ते उपाशी होतं म्हणून बुटकं होतं, रक्तात बुटकेपण नव्हतं. म्हणून खरी निवड धुऱ्यावर करायची नाही, वावराच्या एका कोपऱ्यात सारख्या जमिनीवर, सारख्या अंतरावर, एकाच दिवशी पेरून मग करायची. त्या जागी जे बुटकं राहिलं ते खरं बुटकं.

आणि निवड होईपर्यंत एक सोपी युक्ती वापरा. कुरडू आणि तेरडा दोन्ही दिवस लहान व्हायला लागले की फुलाकडं वळतात. जूनमध्ये पेरलेलं झाड आधी भरपूर वाढतं आणि मग फुलतं, तेच बी ऑगस्टमध्ये पेरलं तर झाड लहान असतानाच फुलावर येतं. औषध नाही, खर्च नाही, नुसती तारीख बदलायची. फक्त त्या कुंड्या रात्रभर जळणाऱ्या खांबाखाली किंवा गोठ्याच्या एलईडी दिव्यापाशी ठेवू नका, उजेडानं झाडाला रात्र लहान वाटते आणि फूल लांबतं. विकलेल्या झाडाचे तुरे वाळले की कापून टाकायला गिऱ्हाईकाला सांगा, नाहीतर त्याच्या बाकीच्या कुंड्यांत पुढच्या वर्षी कुरडूच कुरडू होईल.

प्रश्न : आमचा धारणीकडे महिला बचत गट आहे. पावसाळ्यात जंगलात रानहळद फुलते तेव्हा तिचे गुलाबी तुरे फार सुंदर दिसतात. आम्ही मागच्या वर्षी काही झाडं फुलासकट उपटून कुंडीत लावली पण सगळी चार दिवसात माना टाकून मेली. काय चुकलं? आणि जंगलातून आणलं तर काही अडचण येते का, कोणी म्हणते चालते कोणी म्हणते केस होते. (बचत गटातल्या बहिणी, धारणी तालुका)

उत्तर : बहिणींनो, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. तुमच्या आजूबाजूला मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प आहे, गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय झाड, कंद, काहीही काढणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मग ते एक झाड का असेना. राखीव जंगलालाही वनकायदा लागतो. तुमच्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर गोष्ट वेगळी, त्यात गौण वनोपजात कंदमुळंही येतात, पण तिथंही ग्रामसभेनं ठरवलेले नियम पाळायचे, प्रत्येकीनं आपापलं टोपलं घेऊन जायचं नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला, त्यांचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे की ग्रामसभा काय काढायचं आणि काय सोडायचं हे बसून ठरवते. तुमच्या सरपंचांना विचारा तुमच्या गावाचं काय आहे.

आता झाडं का मेली. रानहळदीचं सगळं धन जमिनीखाली कंदात असतं. पावसाळ्यात ती पानं काढते, फुलते, कंद भरते, थंडीत पानं पिवळी पडून जमिनीवरचं सगळं वाळून जातं आणि उन्हाळाभर कंद मातीत झोपून राहतो. तुम्ही तिला भर फुलात असताना उपटलं, मुळं तुटली, वर एवढी मोठी पानं पाणी मागत होती आणि खालून द्यायला कोणी नव्हतं. हळद लावणाऱ्या कोणत्याही घरात हळद कधी काढतात? पाला वाळल्यावर. हिचंही तेच.

जंगलातून आणायची गरजच नाही असं माझं मत आहे. तुमच्यापैकी कोणाच्या तरी परसात नाहीतर वावराच्या कडेला दोन-चार रानहळदी असतीलच, त्यांच्यापासून सुरू करा. पाला पूर्ण वाळला की कंद काढा, माती झटका, सावलीत कोरड्या वाळूत ठेवा. मे संपता संपता कंदाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला एक-दोन डोळे हवेत, कापलेल्या जागी राख लावा, आठ-दहा इंची कुंडीत दोन इंच खोल डोळा वर करून लावा आणि पाऊस येईपर्यंत नुसती ओल ठेवा, भिजवू नका. दोन-तीन वर्षांत एका कंदाचे कितीतरी होतात. त्यात ज्या झाडाचा तुरा पानांच्या वर उठून दिसतो त्याचेच कंद वाढवा, ज्याचा तुरा पानांत लपतो त्यावर खत-पाणी वाया घालवू नका.

थायलंडमधल्या एका रानहळदीचं असंच झालं. तिथल्या गवताळ रानात उगवणारी, गुलाबी पाकळ्यांची, आज तिला जगभर सयाम ट्यूलिप म्हणून ओळखतात, चियांग माई भागातले शेतकरी तिचे कंद पिकवतात आणि ते जपान, हॉलंडपर्यंत जातात. तीही हळदीचीच जात. गोंदिया-गडचिरोलीकडच्या बहिणींसाठी सांगते, तुमच्याकडचा तिखूर पण ह्याच कुळातला आहे, त्याच्या कंदाचं सत्त्व आपण खातो पण त्याचं फूल कुंडीत कसं दिसेल याचा विचार फारसा कोणी केलेला नाही.

प्रश्न : रस्त्याच्या कडेला पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचे ताटवे फुलतात, तेही रानफूलच ना? बी फुकट मिळते म्हणून विचारतो. (एक वाचक, हिंगणघाट)

उत्तर : नाही भाऊ. तो मेक्सिकोकडचा पाहुणा आहे, बागेतून सुटला आणि मोकळा पसरला. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत यांचीही कथा अशीच, तिघी बाहेरून आलेल्या. कुंडीत लावायचाच असेल तर लावा पण माळावर, टेकडीवर त्याचं बी फेकू नका. काही लोक हौसेनं तसं करतात आणि मग त्या माळावरची आपली बारीक फुलं दबून जातात.

प्रश्न : मी रानातून वेगवेगळ्या फुलांचं बी गोळा केलं, दिवाळीत लावलं तर एकही उगवलं नाही. बी खराब होतं का? (गृहिणी, दर्यापूर)

उत्तर : ताई, बी खराब नसेल, ते झोपलेलं असेल. पावसाळी रानफुलाचं बी जर ऑक्टोबरात पडल्या पडल्या उगवलं तर ते रोप आपल्या उन्हाळ्यात जळून जाईल, म्हणून बऱ्याच जातींनी बियांतच सोय करून ठेवलीय, एक उन्हाळा काढल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. कागदी पाकिटात नाहीतर सुती कापडात बांधून मडक्यात ठेवा, कोरड्या जागी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आणि मृगाला लावा. ज्यांचं कवच टणक असतं, गोकर्णीसारखी शेंगवर्गातली रानफुलं, त्यांना लावायच्या आधी पॉलिश पेपरवर हलकेच घासा किंवा कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. कुरडूसारखं बारीक बी खोल पुरू नका, वरून नुसती चाळलेल्या मातीची भुरभुर पुरे.

प्रश्न : ताई, मी अकोल्याला बी.एस्सी. ॲग्रीला आहे. शोभेच्या झाडांची उंची कमी ठेवायला पॅक्लोब्युट्राझॉल वगैरे वापरतात असं शिकवलं. रानफुलांवर चालेल का? प्रोजेक्ट म्हणून हा विषय घेऊ का? (विद्यार्थिनी)

उत्तर : बेटा, विषय नक्की घे. तुझ्या हाताशी अकोल्यात काय काय आहे बघ, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे जे १९६९ पासून विदर्भातल्या पिकांवर काम करतंय, तिथं फुलशेतीचे लोक आहेत, आणि राष्ट्रीय वनस्पती अनुवंश संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्रही अकोल्यातच आहे. जे बी गोळा करशील त्याची नोंद त्यांच्या पद्धतीनं ठेव, गाव, जागा, माती कशी, तारीख, फोटो. नोंद नसलेलं बी काही वर्षांनी कोणाच्याच कामाचं राहत नाही.

औषधांचं म्हणशील तर पॅक्लोब्युट्राझॉल, डॅमिनोझाइड, क्लोरमेक्वाट ही सगळी झाडातल्या जिबरेलिनला, म्हणजे झाडाची उंची वाढवणाऱ्या द्रव्याला, आवर घालतात, पेरं आखूड राहतात. आपल्याकडं कपाशी फार माजली की क्लोरमेक्वाट मारतात आणि आंब्याला पॅक्लोब्युट्राझॉल देतात, म्हणजे कास्तकाराला ह्या गोष्टी नव्या नाहीत. पण मी तुला म्हणेन की औषध सगळ्यात शेवटी. पॅक्लोब्युट्राझॉल मातीत लवकर विरत नाही, मात्रा थोडी जरी वाढली तरी झाड खुरटून बसतं, आणि कुरडूची तर लोक भाजी खातात, फवारलेल्या कुंडीतली पानं कोणी खुडली तर? त्याआधी बरंच काही करून पाहण्यासारखं आहे. पाच-सहा पानांवर शेंडा खुडला तर फांद्या किती फुटतात. युरियाचा हात आखडता घेतला तर काय होतं. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या की झाडं उजेडासाठी वर पळतात, त्या अंतर ठेवून मांडल्या तर किती फरक पडतो. तीन वेगवेगळ्या तारखांना पेर, अर्ध्यांचे शेंडे खुड, अर्ध्यांचे नको, आणि उंची, फांद्या, पहिल्या फुलाला लागलेले दिवस, तुरे किती हे वहीत लिही. आणि एक मोजमाप हमखास विसरतात ते तू विसरू नकोस, फुललेली कुंडी घराच्या आत खिडकीशी आठ-दहा दिवस ठेवून बघ, कारण गिऱ्हाईक ती तिथंच ठेवणार आहे.

प्रश्न : आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. कोणतंही झाड कुंडीत लावलं की महिन्याभरात पानांच्या कडा जळतात. रानफुलं तरी टिकतील का? (मूर्तिजापूर तालुका)

उत्तर : रानफुलांचंही तेच होईल भाऊ, दोष झाडाचा नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारट, कुंडीत ते घातलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं, रोज थोडं थोडं साठत जातं. मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरी पूड दिसते ती हीच. त्यात बहुतेक जण वावरातली काळी माती भरतात. काळी माती वावरात सोनं आहे पण कुंडीत नको, ती भिजली की फुगते, पाणी खाली जाऊ देत नाही, वाळली की आवळून भेगा पाडते आणि बारीक मुळं तोडते. एक भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू नाहीतर चाळलेला बारीक मुरूम असं भरा, हलकं हवं असेल तर थोडं कोकोपीट घाला. कुंडीच्या बुडाचं भोक मोकळं ठेवा, खाली बशी ठेवू नका.

पाण्यासाठी पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत धरा. आणि इथंच पावसाळी रानफुलांचा तुम्हाला फायदा आहे, त्यांचं सगळं आयुष्य जून ते नोव्हेंबर, म्हणजे वरचं गोड पाणी असतं तेव्हाच. उन्हाळ्यात ४५-४६ डिग्रीत कुंड्या जगवायची कटकट नाही, बी पाकिटात आणि कुंडी पालथी. ज्या कुंडीत झाड कायम आहे तिला पहिल्या दोन-तीन जोरदार पावसात उघड्यावर ठेवा, वरून भरपूर पाणी जाऊन खालून निघालं की साठलेलं मीठ धुऊन जातं.

प्रश्न : दरवर्षी बी निवडत बसणं आमच्यानं होणार नाही. लवकर होईल असं एखादं रानफूल सांगजा. (वाचक, आर्वी)

उत्तर : कोरांटी. पावसाळा सरला की दिवाळीच्या सुमारास ती फुलायला लागते, बाकी रान वाळत असतं तेव्हा तिचा भर असतो. पिवळीला काटे असतात, जांभळी आणि पांढरी बिनकाट्याची, कुंडीसाठी बिनकाट्याचीच घ्या. हिची गंमत ही की ती काडीनं लागते. बियातून आलेलं प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं म्हणून तिथं पाच-सहा वर्षं जातात, काडीतून मात्र आईसारखंच हुबेहूब झाड येतं. म्हणजे तुम्हाला गावाच्या पांदणीत एखादी भरगच्च फुलणारी, आटोपशीर कोरांटी दिसली, तर तिच्याच काड्या लावत राहा, निवड तिथंच झाली. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धवट जून झालेली चार-पाच इंचाची काडी घ्या, खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जातील अशी वाळू मिसळलेल्या मातीत सावलीला लावा. साधारण महिनाभरात मुळं धरतात. नवा फुटवा आला की शेंडा खुडा, पुन्हा फुटला की पुन्हा एकदा खुडा, मग सोडून द्या. फुलं संपली की फेब्रुवारीत निम्म्याच्या खाली छाटा, म्हणजे उन्हाळ्यात पाणीही कमी लागतं आणि झाड वर्षानुवर्षं चालतं. ढेकण्या म्हणजे मिलीबग तेवढा बघत राहा, कोवळ्या शेंड्यात पांढरा कापूस दिसला की तो शेंडाच तोडून जाळून टाका.

दुसरी विष्णुक्रांता, माळावर जमिनीला चिकटून पसरते, बारीक निळी फुलं. टांगत्या कुंडीतून खाली सोडली तर फार देखणी दिसते. नर्सरीत तिच्याच कुळातली दक्षिण अमेरिकेची निळी जात विकतात, तिची फुलं मोठी असतात, पण आपलीही मला तितकीच आवडते. माळावरची उपटून आणू नका, तिचं मूळ खोल असतं आणि तुटलं की जगत नाही, काडी किंवा बी घ्या. पाणी बेतानं. आणि विकायला सकाळीच न्या, दुपार झाली की फुलं मिटतात, संध्याकाळच्या बाजारात गिऱ्हाईकाला नुसती हिरवी वेल दिसेल.

प्रश्न : कळलावीचे वेल कुंपणावर आहेत, लाल-पिवळी फुलं पाहून लोक कंद मागतात. विकू का? (सिंदेवाही)

उत्तर : घरगुती गिऱ्हाईकाला विकू नका असं मी ठामपणे सांगेन. कळलावीचं अंगप्रत्यंग विषारी आहे आणि कंद सगळ्यात जास्त, तो खाऊन माणसं दगावतात. लहान पोरं, बकऱ्या, कुत्री असलेल्या घरात ती कुंडी नकोच. तिच्यातलं कोल्चिसीन औषधाला लागतं म्हणून तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी तिची शेती करतात, परदेशात तिची फुलं फुलदाणीसाठी विकतात, पण ते जाणत्या माणसांचं काम आहे. तुमच्या स्वतःच्या कुंपणावर मात्र जपा, ती रानातून कमी होत चाललीय. कंद हलवायचा झालाच तर वेल वाळल्यावर, हातमोजे घालून. कंद व्ही आकाराचा असतो, त्याच्या टोकाला डोळा असतो, टोक मोडलं की तो कंद फुटत नाही. हात साबणानं धुवा.

प्रश्न : नवेगावबांधकडे मोहाच्या, आंब्याच्या झाडांवर ऑर्किड दिसतात. शाळेतल्या मुलांना घेऊन त्यांची रोपं तयार करता येतील का? (एक शिक्षक)

उत्तर : गुरुजी, मुलांना ती झाडावरच दाखवा. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात रोपासाठी शिदोरीच नसते, ठराविक बुरशीची साथ मिळाली तरच ते उगवतं, नाहीतर प्रयोगशाळेत बाटलीतच वाढवावं लागतं. शाळेत नाही जमणार. ऑर्किडच्या जवळजवळ सगळ्या जाती वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स ह्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, त्यामुळं विक्रीचा विचारही नको. वादळात फांदी पडली आणि तिच्यावर ऑर्किड असेल तर मुलांच्या हातानं ते तिथल्याच दुसऱ्या झाडाला सुतळीनं बांधून द्या, तेवढं मुलं आनंदानं करतील. फक्त अभयारण्याच्या हद्दीत असाल तर आधी वनरक्षकाला सांगून.

प्रश्न : समजा आम्ही मेहनत करून नवीन जात काढली, मग एखाद्या मोठ्या नर्सरीनं ती उचलली तर? आमच्या नावावर होऊ शकते का? आणि भाव काय ठेवायचा? (तरुण शेतकरी गट, वरुड)

उत्तर : होऊ शकते. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा ह्याचसाठी आहे, त्यात शेतकऱ्यालाही स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. पण रानातलं झाड जसं आहे तसं आपल्या नावावर करता येत नाही आणि ते बरंच आहे. तुमचा वाण आधीच्यांपेक्षा वेगळा दिसला पाहिजे, सगळी झाडं एकसारखी आली पाहिजेत आणि पिढ्या बदलल्या तरी ते गुण टिकले पाहिजेत. सरकारनं जाहीर केलेल्या पिकांच्या यादीत तुमचं फूल आहे का हेही आधी बघावं लागतं. म्हणूनच मी वरच्या उत्तरांत वही, पाकीट, तारीख यावर एवढा जोर दिलाय, उद्या कोणी विचारलं की हे तुमचं कशावरून तर दाखवायला काहीतरी हवं. त्याबरोबर तुमच्या ग्रामपंचायतीत २००२ च्या जैवविविधता कायद्यानं जैवविविधता समिती असायला हवी आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही. बऱ्याच गावांत ती कपाटातच पडलेली असते. ती बाहेर काढायला लावा आणि मूळ रानफूल कुठं, किती, कोण वापरतं हे त्यात लिहून घ्या.

भावाचं म्हणाल तर आकडा मी सांगणार नाही, अमरावतीचा बाजार वेगळा आणि नागपूरचा वेगळा. कुंडी, माती, खत, मजुरी, नेण्याचा खर्च आणि मेलेली-मोडलेली रोपं हे सगळं धरून आधी एका कुंडीला काय पडलं ते काढा, मेलेल्यांचा हिशेब लोक धरत नाहीत आणि तिथंच धंदा बसतो. पहिल्या वर्षी थोड्याच कुंड्या करा, महालक्ष्म्या ते दिवाळी ह्या काळात काढा, आणि प्रत्येक कुंडीला चिठ्ठी लावा, नाव कुरडू असेल तर कुरडूच लिहा, पाणी किती, ऊन किती, फूल कधी संपतं तेही लिहा. विद्यापीठात दाखवायला जाल तेव्हा मोबाईलमधले फोटो घेऊन जाऊ नका, फुललेल्या आठ-दहा कुंड्या आणि दोन वर्षांची वही सोबत न्या, झाड एकसारखं आलंय का नाही हे त्यांना समोर ठेवल्याशिवाय सांगता येत नाही.